दोनदाच
पावसात कुडपणला लाइट गेली, की आम्ही सेलवरचा रेडिओ काढतो. परवा त्यावर किशोरीताई आमोणकर गात होत्या आणि आठवण झाली त्यांच्या आईची. मोगूबाई कुर्डीकर मूळच्या गोव्यातल्या कुर्डीच्या. तालीम उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची. १९३९ मध्ये पती वारले, पदरी तीन लहान लेकरं. मोगूबाईंनी गाण्यावर आणि शिकवण्यांवर घर चालवलं. लेकीला शिकवताना अस्ताई, अंतरा दोनदाच गायच्या, तिसऱ्यांदा नाही. आम्ही मात्र वर्गात पाढा दहादा सांगतो, घरी अम्मी होऊन अकराव्यांदा!

काल धाकटीला नात-शरीफची चाल दोनदाच ऐकवली. ती रुसून झोपली. सकाळी भांडी घासताना तीच चाल गुणगुणत होती. एके ठिकाणी चुकली. आम्ही गप्प राहिलो.