मोटर फिरली, पण मोजली का?

यंदाच्या आपल्या विज्ञान प्रदर्शनात सर्वांत जास्त गर्दी होती ती ‘विजेविना फिरणाऱ्या चुंबकी मोटर’भोवती. आम्हीही ती कौतुकाने पाहिली आणि परीक्षक म्हणून भरघोस गुण दिले. लाकडी ठोकळ्यात दडवलेला सेल दिसला तो नंतर, आवरासावर करताना! मुलांना आम्ही दोष देत नाही. चूक आमची, कारण आम्ही मोजलेच नाही.

कायम चुंबक लोखंडाला जवळ ओढताना जेवढी ऊर्जा देतो, तेवढीच ते दूर जाताना परत घेतो. पूर्ण फेरीअंती हाती काहीच उरत नाही. म्हणून अशा मोटरलाही वीज द्यावी लागते, आणि दिलेल्यापेक्षा जास्त ती कधीच परत करीत नाही.

शेजारच्याच टेबलावर आठवीच्या दोघी मुली होत्या. खेळण्यातल्या मोटरच्या दांड्याला दोरा गुंडाळून त्यांनी १०० ग्रॅमचे वजन १ मीटर वर उचलले. ३ व्होल्ट, ०.४ अँपिअर, ४ सेकंद. म्हणजे दिले ४.८ जूल, मिळाले ०.९८ जूल, कार्यक्षमता सुमारे २० टक्के. बाकीची ऊर्जा तारेच्या वेटोळ्यांत आणि घर्षणात उष्णता होऊन गेली. मोटर हाताला कोमट लागत होती. वजने बदलूनही त्यांनी पाहिले होते. मोटर रिकामी फिरली तर उपयोगी काम शून्य, वजनाने अडली तरी शून्य. चांगला आकडा मध्येच कुठेतरी सापडतो. “एवढीच?” म्हणत लोक पुढे सरकले. त्यांना उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले नाही, हे आम्हांस आजही टोचते.

पुढील वर्षी मोटरच्या प्रत्येक प्रतिकृतीशेजारी ‘दिले किती, मिळाले किती’ हे आकडे असल्याशिवाय गुण देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी चार मल्टिमीटर लागतील, फार खर्च नाही.

विश्वस्त मंडळापुढेही सध्या असाच प्रश्न आहे. वर्गांतले जुने पंखे ७०-८० वॅट घेतात. कायम चुंबकाचे बीएलडीसी पंखे साधारण ३० वॅट. पण वॅट कमी आणि वाराही कमी, तर उन्हाळ्यात मुलांनी काय करावे? २०२३ पासून छताच्या पंख्यांना सक्तीचे झालेले तारेदेखील दर वॅटमागे किती हवा मिळते यावरच ठरतात. तेव्हा सगळे पंखे एकदम घेण्याआधी एकच आणावा, एका वर्गात लावावा आणि त्या दोघींना मोजू द्यावा.