बोंडअळीचा बंदोबस्त गावानेच करावा

2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातली कपाशी वरून हिरवीगार दिसत होती. बोंड फोडले की आत किडलेली सरकी आणि कवडी झालेला कापूस निघायचा. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघताच पात्या-फुलांत किंवा कोवळ्या बोंडात शिरते, शिरल्याचे छिद्र बुजते आणि मग फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले.

बोंडअळीचा दोष बियाण्यावर गेला. तो काही अंशी खराही आहे, कारण 2002 मध्ये देशात आलेल्या बीटी कपाशीला ही अळी पुढे जुमानेनाशी झाली. पण तिला पोसतात ते हवामान आणि शिवाराची घडी.

ही अळी जवळपास कपाशीवरच जगते. दिवस लहान होऊन थंडी पडली, की ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत निपचित पडून राहते. पावसाच्या तोंडावर तिचे पतंग बाहेर पडतात. तेव्हा शिवारात पात्या-फुले नसतील, तर त्यांची पुढची पिढी वाढतच नाही. विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यात लावलेली कपाशी मात्र त्यांना आयता आसरा देते. हिवाळ्यात ओलित करून राखलेली जुनी कपाशी म्हणजेच फरदड, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि जिनिंगच्या आवारातला कापूस अळीला पुढच्या हंगामापर्यंत तगवतात.

शेजारी फरदड उभी असेल, तर एकट्याने पऱ्हाट्या उपटून भागत नाही.

अमेरिकेने 2018 मध्ये या अळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तिथे बीटी कपाशीच्या जोडीला वंध्य पतंग सोडणे, सापळे लावणे आणि पऱ्हाट्या वेळेत गाडणे ही कामे प्रदेशभर एकदमच झाली.

आपल्याकडचा शेतकरी फरदड ठेवतो, कारण आणखी एक-दोन वेचे निघाले तर कृषी केंद्राची उधारी फिटते. त्याला नुसता सल्ला देऊन चालणार नाही. कपाशी डिसेंबरअखेर काढणाऱ्या गावांना उन्हाळी तीळ-मुगाचे बियाणे, वेळेवर वीज आणि पऱ्हाट्यांची कुट्टी करणारे यंत्र सरकारने पुरवावे. जिनिंगमध्ये कामगंध सापळे लावलेत का, हे कृषी विभागाने स्वतः जाऊन तपासावे. आणि कपाशी कधी लावायची, कधी उपटायची, याचा ठराव प्रत्येक ग्रामसभेने लागवडीआधी करावा.