चाक थरथरते तेव्हा

दिवाळी अंकात मोटारीच्या दुखण्यावर लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात एरंडेलाचा चमचा ठेवण्यासारखे आहे, हे मला कबूल आहे. संपादकांनीही "यंदा जरा खुसखुशीत असू द्या" असे बजावले होते. पण वाचकहो, याच चार दिवसांत आपल्यापैकी कितीतरी जण पोरेबाळे आणि चकल्यांचे डबे गाडीत घालून घाट उतरणार. म्हणून गेल्या दिवाळीत झालेली माझी फजिती सांगतो. थोडक्यात निभावली म्हणून तिला फजिती म्हणायचे!

आमची गाडी सात वर्षांची. श्रावण सरता सरता तिने एक नवीच खोड काढली. वेगात असताना ब्रेक दाबला की हातातले स्टिअरिंग थरथरू लागे. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली कपबशी वाजावी तसे. ब्रेक सोडला की पुन्हा शहाण्यासारखे गप्प. मी लगेच निदान करून मोकळा झालो : चाकांचे बॅलन्सिंग बिघडले! टायरवाल्याने चाके फिरवली, रिमला वजने ठोकली, पैसे घेतले. थरथर जशीच्या तशी. मग अलाइनमेंट केले. पुन्हा पैसे, पुन्हा थरथर. टायरचा संशय तर येणेच शक्य नव्हते, कारण चारही टायर मे महिन्यातच नवे टाकले होते.

सौ.ने दोनतीनदा विचारले, "अहो, हे काय हो हलतंय?"

"रस्ता खराब आहे," मी सांगितले. पुण्यात हे उत्तर सहसा कोणी तपासून पाहत नाही.

पाडव्याला सकाळीच आम्ही गुहागरला निघालो. तिथे माझी थोरली बहीण असते; दुसऱ्या दिवशी भाऊबीज. उंब्रज, पाटण, कोयनानगर मागे टाकून आम्ही कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी आलो. खाली चिपळूणपर्यंत उतारच उतार. ब्रेक नीट दाबला की चाक थरथरे आणि सौ. माझ्याकडे बघे. म्हणून मी एक युक्ती काढली. ब्रेक जोराने दाबायचाच नाही. पाय त्यावर हलकासा ठेवूनच उतरायचे. वरचा गिअर, पाय ब्रेकवर, तोंडाने गाणे. अर्धा घाट झाला असेल नसेल, गाडीत जळका वास आला. मुलगी म्हणाली, "बाबा, कुणाच्या तरी करंज्या करपल्या!" आणि पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तो लोण्यात बोट जावे तसा मऊ मऊ खाली गेला. गाडी मात्र मनासारखी थांबेना.

त्या क्षणी काय वाटले ते मी घरात अजून कोणाला सांगितलेले नाही. तिसरा गिअर टाकला, मग दुसरा; इंजिन ओरडले, गाडी आवरली, आणि पुढची रुंद जागा दिसताच हँडब्रेक ओढून कडेला उभी केली. पुढच्या चाकांतून धूर निघत होता. चिरंजीव पाण्याची बाटली घेऊन धावले. तेवढ्यात मागून आलेल्या ट्रकच्या चालकाने त्यांना हटकले, "पाणी टाकू नको रे, तापलेलं लोखंड तडकंल!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मालक, ज्या गिअरात घाट चढता, त्याच गिअरात उतरायचं. बिरेक फक्त वळणापुरता. दाबायचा, सोडायचा."

मागाहून मी हिशेब केला. माणसे, सामान धरून १२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली आणि तिला निव्वळ ब्रेकनेच आवरले, तर त्या उष्णतेत सुमारे १८ लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे एका माणसाचे अभ्यंगस्नान, तेही विसण घातल्याशिवाय अंगावर घेता येणार नाही इतके कढत! इंजिनाने आवरले तर यातला बराच भार ब्रेकवर येत नाही.

तासाभराने ब्रेक थंड झाले, पॅडल पुन्हा घट्ट लागू लागले, आणि दुसऱ्या गिअरात, मुंगीच्या पावलांनी आम्ही चिपळूण गाठले. तिथे एका मिस्त्रींनी पाडव्याच्या पूजेसाठी गॅरेज उघडले होते. वयस्क गृहस्थ, कपाळाला कुंकू. त्यांनी गाडीकडे न बघता आधी मलाच विचारले, "कधी थरथरतं?"

मी बॅलन्सिंगची कहाणी सुरू केली. मागून सौ. म्हणाली, "ब्रेक दाबला तरच थरथरतं. एरवी नाही. आणि यांच्या हातातलं चाक हलतं, माझी सीट हलत नाही."

"वहिनी, तुम्ही निम्मं काम केलंत," मिस्त्री म्हणाले. दोन महिने मी पैसे मोजत होतो आणि निदान शेजारच्या सीटवर बसले होते!

मिस्त्रींनी जे सांगितले ते आपल्यासाठी क्रमवार लिहितो.

१. ब्रेक न दाबताच, ८० ते १०० च्या वेगात थरथर येते आणि वेग बदलला की जाते : बॅलन्सिंग पाहा. कधी रिमच्या आत वाळलेला चिखलही पुरतो.

२. ब्रेक दाबल्यावरच थरथर, आणि ती स्टिअरिंगमध्ये : पुढच्या चाकांच्या डिस्क.

३. ब्रेक दाबल्यावरच, पण सीट आणि तळ हलतो : बहुधा मागचे ड्रम. मोकळ्या, सपाट जागेत ३० च्या वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूहळू ओढावा; तीच थरथर आली तर खात्री पटते.

४. थरथर नाही, पण गाडी एका बाजूला ओढते : टायरमधली हवा, नाहीतर एका बाजूचा अडकलेला कॅलिपर.

५. निसरड्यावर किंवा एकदम जोरात ब्रेक मारताना पायाखाली खडखड होते : ते एबीएस आपले काम करते आहे. पाय उचलू नका.

आमचे दुखणे दुसऱ्या जातीचे. "म्हणजे डिस्क वाकल्या?" मी विचारले.

"सगळे तसंच म्हणतात," मिस्त्री हसले, "पण वाकत नाहीत. एका जागी झिजतात."

त्यांनी चाक काढले, नट पुन्हा आवळून डिस्क बसवली आणि तिला डायल गेज लावून फिरवली. काटा ०.१२ मिलिमीटर हलला; बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१ च्या आत हवा. मग डिस्क उतरवली. मागे हबवर गंजाचा पापुद्रा चिकटलेला! मे महिन्यात टायर बदलताना चाके निघाली, डिस्क सैल झाल्या, गंज मध्ये जाऊन बसला, आणि टायरवाल्याच्या मुलाने हवेच्या मशीनने नट करकचून आवळले. एक जास्त, एक कमी. डिस्क किंचित तिरकी बसली. तिची एकच बाजू दर फेऱ्याला पॅडला घासत राहिली आणि काही हजार किलोमीटरांत तिथे पातळ झाली. ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा हाताला जाणवतो. आपला केस त्याच्या तिप्पट जाड असतो. ८० च्या वेगात चाक सेकंदाला अकराएक फेरे घेते, म्हणजे सेकंदाला अकरा धक्के. वेग उतरला की धक्केही संथ होतात; ही डिस्कची आणखी एक खूण.

"पण साहेब, थरथरीनं तुमचा जीव गेला नसता," मिस्त्री म्हणाले. "हे बघा." त्यांनी ब्रेक ऑइल दाखवले. चहासारखे काळपट. चार वर्षांत मी ते बदललेच नव्हते. हे तेल हवेतले पाणी शोषते. साध्या डॉट ३ जातीचे ताजे तेल २०५ अंशांपर्यंत तरी उकळत नाही. पाणी मुरले की हाच आकडा १४० पर्यंत घसरू शकतो. उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय खाली जातो. थरथर चुकवण्यासाठी मी ब्रेक सतत घासत ठेवला, त्याने तेल उकळले. दुखणे लहान होते. ते लपवण्याची माझी युक्ती जिवावर आली होती.

तेल त्यांनी त्याच दिवशी बदलले, हब घासून लखलखीत केले, नट समोरासमोरच्या जोडीने, टॉर्क पान्याने आवळले. लेथ बंद होता. "गुहागरला सावकाश जा, परतताना या," म्हणाले. परतताना दोन्ही डिस्क लेथवर घासून सारख्या केल्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. आमच्या त्याहून जाड भरल्या म्हणून हे जमले. तितक्या नसत्या तर दोन्ही जोडीनेच बदलाव्या लागल्या असत्या.

तेव्हा घाट उतरण्याआधी एवढे करा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. टायरवाल्याकडे नट हाताच्या पान्याने आवळून घ्या. ब्रेक खूप तापले असतील तर थांबल्यावर पॅडल दाबून धरू नका. तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो आणि तीच थरथर सुरू होते. आणि गाडी काही सांगू लागली तर रस्त्याला दोष देऊ नका.

पुण्याच्या वाटेवर, मोकळा रस्ता बघून, मी ८० च्या वेगात ब्रेक दाबला. चाक हातात एकदम स्वस्थ. मी काही बोललो नाही. पण सौ.ने खिडकीबाहेर बघत म्हटलेच :

"रस्ता सुधारलेला दिसतो हं!"