सूर्य आणि पृथ्वीची ओढ समान होते कुठे?

‘आदित्य एल-१’ ६ जानेवारी २०२४ रोजी मुक्कामी पोहोचले, तेव्हा एक वाक्य बरेच फिरले: तिथे सूर्य आणि पृथ्वी यांची गुरुत्वाकर्षणे एकमेकांना रद्द करतात, म्हणून यान स्थिर राहते. वाक्य सुटसुटीत आहे, पण चुकीचे आहे.

दोन्ही ओढी खरोखर समान होतात ती जागा पृथ्वीपासून जेमतेम २ लाख ६० हजार किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्याही अलीकडे आहे. (चंद्राला पृथ्वीपेक्षा सूर्य दुपटीहून अधिक जोराने ओढतो, हे अनेकांना खरे वाटत नाही.) एल-१ बिंदू आहे १५ लाख किलोमीटरवर. तिथे सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या तीसपटीहून जास्त भरते. मग यान सूर्याकडे खेचले का जात नाही?

कारण ते थांबलेले नाही, सूर्याभोवती फिरते आहे. सूर्याच्या जितके जवळ, तितकी प्रदक्षिणा लवकर: शुक्राला २२५ दिवस, बुधाला ८८. या हिशेबाने एल-१च्या अंतरावरचे यान सुमारे ३६० दिवसांतच फेरी उरकून पृथ्वीच्या पुढे निघून गेले असते. पृथ्वी त्याला उलट बाजूने ओढून धरते. ही ओढ सूर्याच्या ओढीच्या तीन टक्क्यांच्या आसपासच. पण तेवढी वजा झाली की यानाचे वर्ष आपल्या वर्षाएवढे होते आणि दोघे जोडीने फिरतात. नावातला ‘एल’ गणितज्ञ लाग्रांजचा. हा बिंदू मात्र त्याच्याआधी ऑयलरला सापडला होता.

हा तोल नाजूक आहे. यान किंचित सरकले की सरकणे वाढतच जाते. शिवाय नेमके बिंदूवर ठेवले, तर पृथ्वीवरच्या अँटेनाला यानामागे सूर्यच दिसेल आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात संदेश बुडतील. म्हणून ‘आदित्य’ बिंदूभोवतीच्या मोठ्या कक्षेत फिरते. १७८ दिवसांची पहिली फेरी २ जुलै २०२४ रोजी पुरी झाली, तोवर इंजिने दोनदा चालवून मार्ग सावरावा लागला होता.

अशा प्रत्येक दुरुस्तीला थोडे इंधन जाते. मोहिमेची नियोजित मुदत पाच वर्षांची आहे. सौरवाऱ्याचे कण एल-१ ओलांडल्यावर पृथ्वीवर पोहोचायला साधारण तास घेतात, वादळ वेगवान असेल तर त्याहून कमी. उपग्रह आणि वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांच्या हाती एवढाच वेळ असतो.