हद्दीबाहेरचे मासे

समुद्री माशाच्या प्रत्येक जातीचा मुलूख ठरलेला असतो. पाण्याचे तापमान, खारेपणा, खोली आणि खाद्य यांवरून त्याच्या सीमा पडतात. या सीमेबाहेरचा मासा जाळ्यात आला की बंदरावर गर्दी होते आणि त्याचे फोटो घाट चढून कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरपर्यंत मोबाइलवर पोचतात. अशा माशाचा अर्थ लावताना चार शक्यता तपासाव्या लागतात.

पहिली शक्यता अशी, की मासा तिथलाच असतो, पण माणसाने तो पाहिलेला नसतो. सीलॅकंथ हा मासा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाला, असे मानले जात होते. डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात आलेल्या मासळीत तो मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना दिसला आणि जे. एल. बी. स्मिथ यांनी त्याची ओळख पटवली. दुसरा नमुना १९५२ साली कोमोरो बेटांजवळ मिळाला, म्हणून पहिला तिकडून भरकटत आला असावा, असा तर्क झाला. पण २००० साली दक्षिण आफ्रिकेतच, सोडवाना उपसागरात, पाणबुड्यांना जिवंत सीलॅकंथ आढळले. कोकणातही हे ध्यानात ठेवायला हवे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर अँग्रिया बँक हे पाण्याखालचे प्रवाळक्षेत्र आहे. किनाऱ्यावर अनोळखी वाटणारा प्रवाळातला मासा तिथला रहिवासीही असू शकतो.

दुसरी शक्यता एकट्या भरकटलेल्या माशाची. वादळ, बदललेला प्रवाह किंवा आजार यांमुळे खोल पाण्यातले मासे उथळ पाण्यात येतात. पट्ट्यासारखा लांबलचक ओअरफिश असा दिसला, की भूकंपाची भाकिते सुरू होतात. जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा भूकंपाशी त्याचा संबंध आढळला नाही.

तिसरी शक्यता माणसाने उघडलेल्या वाटेची. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि तांबड्या समुद्रातल्या शेकडो जाती भूमध्य समुद्रात शिरल्या. हिंदी-प्रशांत महासागरातला विषारी काट्यांचा लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाजवळ नोंदला गेला. शोभेच्या मत्स्यालयांतून तो तिथे सुटला, असे मानले जाते.

चौथी शक्यता सर्वांत महत्त्वाची, कारण तिथे सबंध जातच मुलूख वाढवते. आपल्याकडचे उत्तम उदाहरण तारली या माशाचे. १९८५ पर्यंत देशातली जवळजवळ सगळी तारली केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मिळे. १४ अंश अक्षांशाच्या उत्तरेला ती क्वचितच सापडे. पुढे गोवा-महाराष्ट्राच्या पाण्यात तिचे प्रमाण वाढत गेले आणि २००६ मध्ये देशातल्या तारलीपैकी सुमारे १५ टक्के १४ ते २० अंशांच्या पट्ट्यातून आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी याची सांगड समुद्राच्या तापण्याशी घातली. तरीही तारलीचे गणित एकट्या तापमानावर सुटत नाही. केरळात २०१२ साली ३.९ लाख टनांवर गेलेली तारली २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आली आणि २०२३ मध्ये पुन्हा सव्वा लाखाच्या पुढे गेली. एल निनो, पावसाळ्यात तळातून वर येणारे पाणी आणि मासेमारीचा ताण, सगळ्यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

म्हणून एका माशावरून निष्कर्ष काढता येत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. तारीख, ठिकाण, पाण्याची खोली, माशाची लांबी आणि पंख स्पष्ट दिसणारा फोटो एवढी माहितीही अभ्यासकाला मोलाची असते. ती रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय किंवा मुंबईतले मत्स्य संशोधन केंद्र यांच्याकडे पोचली पाहिजे. देवमुशी, करवत मासा यांसारख्या संरक्षित जाती २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या कक्षेत आहेत. त्या लिलावात जाता कामा नयेत. त्यांना सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्य सरकारची योजना २०१८ पासून आहे.

कोल्हापूर जिल्ह्याला किनारा नाही, पण इथल्या बाजारात कोकणातली मासळी रोज येते. पाटीत अनोळखी मासा दिसला, तर तो कोणत्या बंदरातून आला हे विचारावे, फोटो घ्यावा आणि जाणकारांकडे पाठवावा.