मासे गेले, गांव राहिलें

विद्यार्थिमित्रहो, भूगोलाच्या तासाला हॉलंड देशाचें नांव निघालें म्हणजे पवनचक्क्या, लोणी आणि फुलें एवढ्यावर आपलें समाधान होतें. परंतु त्या देशाचा स्वभाव ओळखावयाचा असेल, तर त्याच्या मोठ्या शहरांपेक्षां एखादें लहान, जुनें बंदर पाहावें, असें माझें मत आहे. धंदा बुडाला असतां माणसें कशीं वागतात, हें तेथें अधिक स्पष्ट दिसतें. असें एक गांव म्हणजे एन्कहाउझेन होय.

झायडर झी नामक उथळ समुद्राच्या पश्चिम तीरावर हें गांव वसलें. हेरिंग मासा हा त्याचा अन्नदाता. कोळी मासे धरून, त्यांचीं आंतडीं काढून व मीठ लावून ते पिंपांत भरीत; त्यामुळें ते पुष्कळ दिवस टिकत आणि दूरदेशीं विकले जात. या उपकाराची गांवाला लाज वाटली नाहीं. त्याच्या नगरचिन्हावर आजही मुकुट धारण केलेले तीन हेरिंग मासे आहेत!

पुढें व्यापार आला, आणि येथें आपल्या गोमंतकाचा संबंध येतो. याच गांवीं वाढलेला यान व्हान लिन्सखोतेन हा तरुण १५८३ सालीं गोव्यास आला व तेथील आर्चबिशपांच्या पदरीं सुमारें पांच वर्षें चिटणीस होता. परत गेल्यावर १५९६ सालीं त्यानें पूर्वेकडील जलमार्गांची व व्यापाराची माहिती देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा डच खलाशांना मोठा उपयोग झाला. १६०२ सालीं डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, तेव्हां तिच्या सहा शाखांपैकीं एक एन्कहाउझेन येथें होती. मात्र या संपत्तीचें कौतुक करतांना, १६२१ सालीं याच कंपनीनें जायफळाच्या लोभानें बांदा बेटांतील बहुतेक रहिवाशांचा संहार केला अथवा त्यांना देशोधडीस लावलें, हें विसरतां कामा नये.

कालांतरानें व्यापार ॲमस्टरडॅमकडे वळला. सतराव्या शतकांत वीस हजारांवर गेलेली वस्ती ओसरली, आणि कित्येक रिकामीं घरें पाडावीं लागलीं. तरी मासेमारी उरली होती. पण १९१६ सालीं झायडर झीच्या पुरानें हाहाकार उडविला. १९१८ सालीं समुद्र अडविण्याचा कायदा झाला, आणि १९३२ सालीं सुमारें ३२ किलोमीटर लांबीचा बांध पुरा झाला. देशाचें पुरापासून रक्षण झालें, शेतीला नवी जमीन मिळाली. मात्र खारें पाणी गोडें झालें, आणि हेरिंग मासा त्या पाण्यांतून नाहींसा झाला.

हा बांध घालणें योग्यच होतें, असें मी मानतों. परंतु लाखोंच्या सुखाची किंमत कांहीं थोड्या कोळ्यांच्या घरांतून वसूल झाली, हेंही तितकेंच खरें आहे. या कोळ्यांना साहाय्य करण्यासाठीं सरकारनें १९२५ सालीं, म्हणजे बांध पुरा होण्यापूर्वींच, निराळा कायदा केला, ही गोष्ट मला बांधाइतकीच महत्त्वाची वाटते. पैशानें बापाचा धंदा मुलाला परत मिळत नाहीं हें खरें. पण त्यांचें नुकसान हें भिक्षा घालण्याचें निमित्त नसून राष्ट्रावरील ऋण आहे, एवढें तरी त्यानें मान्य झालें.

गांव मात्र मेलें नाहीं. आसपासच्या सुपीक मातीवर भाजीपाल्याचें व फुलांचें बीं तयार करण्याचा धंदा तेथें एकोणिसाव्या शतकांतच रुजला होता. आज तेथील बियाणें जगभर जातें. १९८३ सालीं तेथें एक उघडें संग्रहालय सुरू झालें. झायडर झीच्या कांठचीं जुनीं घरें त्यांत पुन्हां उभीं केलीं आहेत, आणि कोळ्यांचें जीवन तेथें मुलांना दाखविलें जातें.

पालकहो, मुलाला आपला धंदा अभिमानानें शिकवा; पण त्यासोबत दुसरी एखादी विद्याही त्याच्या हातीं असूं द्या. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी उद्यां इंजिनियर होतील, कोणी अंमलदार होतील. नकाशावर धरणाची किंवा बंदराची रेघ ओढण्यापूर्वीं त्या रेघेखालीं कोणाचें जाळें पसरलेलें आहे, हें आधीं जाऊन पाहा.