बाळंतिणीची नोंद सासरची की माहेरची?

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा जुना रिवाज. सातारा आणि सांगलीत तर सोयरिकींना जिल्ह्याची हद्द आडवी येत नाही. 1949 साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 साली त्याचे नाव सांगली पडले. पण कराडची लेक वाळव्यात आणि खानापूरची लेक खटावात, हे चालूच राहिले. त्यामुळे गरोदरपणाची नोंद सासरी, बाळंतपण माहेरी आणि काही गुंतागुंत झालीच तर मिरज किंवा कराडचे मोठे रुग्णालय, असा प्रवास घडतो. तिन्ही ठिकाणी कागद असतात. ते एकमेकांना भेटतातच असे नाही.

हा केवळ कारकुनी प्रश्न नव्हे. गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून 42 दिवसांच्या आत, त्याच्याशी संबंधित कारणाने स्त्री दगावली तर त्यास मातामृत्यू म्हणतात. देशात 1997-98 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 398 माता दगावत. 2018-20 मध्ये हे प्रमाण 97 आणि महाराष्ट्रात 33 होते. ही प्रगती मोठी आहे. परंतु हे आकडे नमुना पाहणीचे असतात. त्यांतून जिल्ह्याचे चित्र कळत नाही. समजा, एखाद्या जिल्ह्यात वर्षाला 40 हजार बाळंतपणे होतात. 33 च्या हिशेबाने 13 मृत्यू होतील. त्यांतले तीन नोंदीतून निसटले, तर जवळजवळ चौथा हिस्सा गेला आणि त्यांतून मिळणारा धडाही गेला.

नियमांची उणीव नाही. 15 ते 49 वयातील स्त्रीचा मृत्यू झाला की आशा सेविकेने कळवावे, तो मातामृत्यू असल्यास घरी जाऊन चौकशी व्हावी आणि जिल्हा समितीने कारण तपासावे, अशी पद्धत आहे. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यातही मृत्यू गरोदरपणाशी संबंधित होता का, असा प्रश्न छापलेला असतो. तो रकाना आम्ही डॉक्टरांनी कोरा सोडता कामा नये. ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढे लिहिल्याने काहीच कळत नाही. रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब की जंतुसंसर्ग, हे कळले तरच पुढची बाई वाचेल.

ऊसतोडीच्या हंगामात कृष्णाकाठी येणाऱ्या मराठवाड्यातील गरोदर स्त्रियांचे हाल याहून जास्त. गावच्या यादीत नाव असते, बाई फडात असते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, प्रत्येक जिल्ह्यात याच कामासाठी एक प्रशिक्षित संशोधक नेमावा. जन्ममृत्यूची नोंदवही, सरकारी व खासगी रुग्णालयांची रजिस्टरे आणि आशांच्या याद्या त्याने दरमहा ताडून पाहाव्यात आणि शेजारच्या जिल्ह्याशी मेळ घालावा. आधीच नोंदवह्यांखाली दबलेल्या नर्सताईंवर हे ओझे टाकू नये.

‘नोंद केली तर चौकशी मागे लागेल’ ही भीती खरी आहे. त्यावरही उपाय आहे. केरळात 2004 पासून स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना मातामृत्यूंची गोपनीय तपासणी करते. डॉक्टरचे वा रुग्णालयाचे नाव बाहेर येत नाही, काय चुकले तेवढे सर्वांना कळते. ब्रिटनमध्ये अशी तपासणी 1952 पासून चालू आहे.

वाचकांनीही काही पथ्ये पाळावीत. लेक माहेरी येताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर आणावे. रक्तगट, हिमोग्लोबिन आणि रक्तदाबाच्या नोंदी त्यात असतात. आल्याच आठवड्यात गावच्या आशाताईंना कळवावे. बाळंतिणीला आपण सव्वा महिना जपतो. डोके फार दुखणे, ताप, फिट किंवा अंगावरून जास्त जाणे यांपैकी काहीही दिसल्यास त्या काळात तासभरही थांबू नये. आणि दुर्दैवाने घरात असा मृत्यू झालाच, तर चौकशीला आलेल्या ताईंना दारातून परत पाठवू नये. त्यांना खरे सांगितल्याने गेलेली परत येत नाही, पण दुसऱ्या कोणाची लेक वाचू शकते.